‘एकदा डायलिसिस लागलं की सुटत नाही’ हे खरं नाही

मामांना डायलिसिस लागणार असं कळलं, त्याच रात्री घरच्या ग्रुपवर तो मेसेज आला. ‘डायलिसिस सुरू करू नका. किडनी आळशी होते आणि मशीन जन्मभर सुटत नाही. मशीनवर गेलेला माणूस वाचत नाही. हा सगळा पैशांचा धंदा आहे.’ अशा मेसेजपायी लोक उपचार लांबवतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

‘सुटत नाही’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं, की डायलिसिसने जीव वाचतो हे जिच्यामुळे सिद्ध झालं, तिचंच डायलिसिस सुटलं होतं. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ साली, कांपेन गावात डॉ. विलेम कोल्फ यांनी फिरत्या लाकडी पिंपाला सॉसेज भरायची सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्यांच्याकडे बेशुद्धावस्थेत आली. पित्ताशयाच्या संसर्गात तिची मूत्रपिंडं अचानक बंद पडली होती. तिचं रक्त कित्येक तास त्या नळीतून फिरवलं. बाई शुद्धीवर आली, मूत्रपिंडं पुन्हा चालू लागली. त्यानंतर ती काही वर्षं जगली आणि गेली ती वेगळ्याच आजाराने.

आपल्याकडे घोणस चावल्यावर किंवा पावसाळ्यात लेप्टो झाल्यावर किडनी अशीच अचानक बंद पडते, आणि वेळेवर उपचार मिळाले तर अनेकांचं डायलिसिस काही दिवसांत किंवा आठवड्यांत थांबतं. मधुमेहाने, रक्तदाबाने वर्षानुवर्षं झिजलेली किडनी मात्र सहसा परत येत नाही. मामांचं तेच झालंय. त्यांना डायलिसिस कायम लागेल, पण ते किडनी आधीच गेली म्हणून. मशीनने तिला आळशी केलं म्हणून नव्हे. डायलिसिस चालू असताना रक्तदाब फार उतरला तर उरल्यासुरल्या किडनीला इजा होऊ शकते, एवढं खरं आहे. म्हणूनच एका वेळी शरीरातलं किती पाणी काढायचं हे डॉक्टर जपून ठरवतात.

‘वाचत नाही’ हे कोल्फ यांनाही ऐकावं लागलं असेल. त्या बाईच्या आधीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले होते. ते यायचेच शेवटच्या घटकेला, शिवाय दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि त्या संपत जात. १९६० साली सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी बसवली, आणि त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षं जगला. वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार २००२ साली कोल्फ आणि स्क्रिब्नर या दोघांना मिळाला.

राहिला धंदा. कोल्फ यांनी आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं नाही. युद्धानंतर यंत्रं परदेशी रुग्णालयांना देऊन टाकली. आज खर्च जड जातो हे मान्य. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथे योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. आम्ही तेच केलं.