पोलिसांचं काम खरंच सोपं झालं का?

‘२०१८मध्ये बॅकपेज बंद पडल्यावर मानवी तस्करीचा तपास सोपा झाला,’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. (बॅकपेज ही छोट्या जाहिरातींची अमेरिकी साइट; देहविक्रयाच्या जाहिरातीही तिथे असत.) अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणाऱ्या जीएओचा २०२१चा अहवाल नेमकं उलट सांगतो. साइट गेल्यावर पीडित आणि गुन्हेगार शोधण्याची एफबीआयची क्षमता घटली. जाहिराती परदेशातल्या सर्व्हरवर गेल्या. तिथून माहिती मागवणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं. एप्रिल २०१८मध्ये, साइट बंद पडली त्याच महिन्यात, गाजावाजा करून आलेल्या ‘फोस्टा’ या ऑनलाइन देहविक्रय-तस्करीविरोधी कायद्याचं नवं फौजदारी कलम मार्च २०२१पर्यंत फक्त एकदाच वापरलं गेलं होतं! बॅकपेजवाले साधुसंत होते असं कोणी म्हणत नाही. जाहिरातींतले अडचणीचे शब्द गाळून त्या छापल्या जात, हे सिनेटच्या चौकशीतच बाहेर आलं.

आणि २०१५चा शिकागोचा प्रसंग लेखात नाही, ही मोठी उणीव. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीचे शेरीफ, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख, टॉम डार्ट यांनी बॅकपेजचे पैसे स्वीकारणं थांबवा, अशी पत्रं व्हिसा आणि मास्टरकार्डला धाडली, कंपन्यांनी लगेच अंग काढून घेतलं. ना खटला, ना कोर्टाचा हुकूम. मी तेव्हा तिकडेच राहत होते. आमच्यासारखे लोक त्याच साइटवर जुनं फर्निचर आणि भाड्याच्या खोल्या बघायचे, तेही त्या तडाख्यात सापडले. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश पोझनर यांनी शेरीफला रोखलं, पण कार्डं काही परत आली नाहीत. तस्करी शोधायला मसाज पार्लरवर पडणाऱ्या पोलिसांच्या धाडींपेक्षा मला हा पत्राचा मार्ग जास्त धोकादायक वाटतो. धाडीची निदान कुठेतरी नोंद तरी होते.