चार्ल्स ड्रू यांना रक्त नाकारलं गेलं नव्हतं

फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. तो आला की डॉ. चार्ल्स ड्रू या कृष्णवर्णीय डॉक्टरांबद्दलचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यात सांगितलेलं असतं की रक्तपेढीचा शोध लावणारे हे डॉक्टर अपघातात जखमी झाले, गोऱ्यांच्या रुग्णालयानं त्यांना घेतलं नाही आणि रक्ताअभावी ते गेले; तेव्हापासून कृष्णवर्णीयांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला, म्हणून ते औषधचाचण्यांत भाग घेत नाहीत. हेतू आदराचाच असतो, पण त्यातलं बहुतेक खरं नाही.

आधी मृत्यूचं. १ एप्रिल १९५०. ड्रू तीन सहकारी डॉक्टरांसह अलाबामातल्या टस्कीगीला, तिथल्या वार्षिक मोफत शिबिरासाठी मोटारीनं निघाले होते. नॉर्थ कॅरोलायनात गाडी चालवताना त्यांना डुलकी लागली आणि गाडी उलटली. त्यांना बर्लिंग्टनच्या अलमान्स जनरल रुग्णालयात नेलं. ते वर्णभेद पाळणारंच रुग्णालय होतं, तरी तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर तातडीनं उपचार केले. हे सांगणारे डॉ. जॉन फोर्ड त्याच गाडीत होते, स्वतः कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यावरही तिथेच उपचार झाले. छातीतल्या इजेमुळे ड्रू यांच्या शरीराच्या वरच्या भागातून हृदयाकडे रक्त परतायलाच अडथळा झाला होता. अशा वेळी रक्त चढवलं असतं तर मृत्यू आणखी लवकर आला असता, असं फोर्ड यांनी सांगितलं आहे. ड्रू यांच्या कुटुंबानं त्या डॉक्टरांचे आभारच मानले.

मग ही कथा रुजली कशी? कारण असं खरोखर घडत होतं, त्याच वर्षी, त्याच भागात. डिसेंबर १९५० मध्ये माल्थियस एव्हरी हा तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थी, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला, अपघातात जखमी झाला. त्याला अलमान्समधून ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठवलं गेलं. तिथे कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या खाटा भरल्या होत्या, म्हणून त्याला दाखल करून घेतलं नाही आणि थोड्याच वेळात तो गेला. ड्रू यांची खोटी कथा आपण पुढे ढकलत राहतो आणि ज्याच्या बाबतीत ती खरी होती तो एव्हरी कुणाला ठाऊकही नसतो. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

‘रक्तपेढीचा शोध’ हेही बरोबर नाही. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फॅंटस यांनी १९३७ मध्येच रक्तपेढी सुरू केली होती. ड्रू यांचं काम त्याहून लहान मुळीच नव्हतं. साठवलेल्या रक्तावर कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहून त्यांनी १९४० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी युद्धात होरपळणाऱ्या ब्रिटनला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, पाठवण्याची मोहीम सांभाळली. निरनिराळ्या रुग्णालयांत गोळा झालेलं रक्त एकाच पद्धतीनं घ्यायचं, जंतुसंसर्ग होऊ न देता प्लाझ्मा वेगळा करायचा, तपासायचा आणि समुद्रापार पाठवायचा, ही सगळी घडी त्यांनी बसवली.

काही मजकुरांत आणखी एक भर असते: रेड क्रॉसनं कृष्णवर्णीयांचं रक्त नाकारलं म्हणून ड्रू यांनी राजीनामा दिला. ते १९४१ च्या वसंतातच हॉवर्ड विद्यापीठात शिकवायला परतले होते. रेड क्रॉसचं ते धोरण त्यानंतर जाहीर झालं. जानेवारी १९४२ पासून कृष्णवर्णीयांचं रक्त घेतलं जाऊ लागलं, पण वेगळं ठेवून. याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, हे ड्रू यांनी उघडपणे सांगितलं. रेड क्रॉसनं रक्तावरची वंशाची नोंद थांबवली ती १९५० मध्ये, म्हणजे ड्रू गेले त्याच वर्षी.

आता संशोधनाचा मुद्दा. अविश्वासाला कारण आहेच, फक्त ते ड्रू यांचा मृत्यू नव्हे. ते ज्या टस्कीगीला निघाले होते, तिथेच १९३२ पासून सरकारी आरोग्यसेवा सिफिलिस हा लैंगिक संसर्गातून होणारा रोग झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना संशोधनाच्या नावाखाली उपचाराविना नुसती ‘पाहत’ होती. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिलं गेलं नाही. हा प्रकार १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून फुटला, तेव्हा थांबला.

पण म्हणून ‘ते भागच घेत नाहीत’ हे खरं ठरत नाही. २००६ मध्ये सत्तर हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. विचारणा झालेल्या कृष्णवर्णीयांनी संमती देण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास सारखंच निघालं. अडतं ते विचारण्यापाशी: चाचणीचं केंद्र कुठे आहे, कामावरची रजा कोण भरून देणार, तिथे बोलावणारं माणूस कोण. सप्टेंबर २०२० मध्ये मॉडर्ना या औषधकंपनीनं कोविड लशीच्या चाचणीतली भरती मुद्दाम मंद केली आणि अल्पसंख्य समाजांतल्या लोकांपर्यंत पोहोचण्यावर भर दिला. शेवटी तीस हजार सहभागींमध्ये सुमारे दहा टक्के कृष्णवर्णीय होते.