मन मोजता येत नाही म्हणता, त्यावर जरा सविस्तर

दादा, तुमची कमेंट रात्री वाचली, सकाळी परत वाचली. मानसशास्त्राची सुरुवात आणि उद्दिष्टं यावरच्या माझ्या मागच्या पोस्टवर तुम्ही जे लिहिलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मन दिसत नाही, काट्यावर चढत नाही, मग त्याचं शास्त्र कसं काय? हे सगळं फ्रॉइड आणि जर्मन लोकांचं, आपल्याकडं तर पारावर बसलेल्या म्हाताऱ्याले चेहरा पाहूनच समजते. वर्तनावर नियंत्रण हे उद्दिष्ट असेल तर ते धोक्याचं आहे. आणि शेवटी, बोंडअळीनं कापूस खाल्ला तिथं तुमचं मानसशास्त्र काय करणार? प्रश्न खरे आहेत, म्हणून दोन ओळीत उत्तर देऊन मोकळा होत नाही.

मन मोजता येत नाही हे 1786 मध्ये कांटसारख्या मोठ्या तत्त्वज्ञानंही लिहून ठेवलं होतं, मनाच्या अभ्यासाला गणित लागू होत नाही म्हणून ते खरं विज्ञान होणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर गंमत अशी झाली की मोजायला सुरुवात केली ती मानसशास्त्रवाल्यांनी नाही तर खगोलवाल्यांनी. 1796 मध्ये इंग्लंडच्या ग्रीनिच वेधशाळेत मास्केलिन नावाच्या प्रमुखानं किनेब्रुक या असिस्टंटला कामावरून काढलं, कारण काय तर दुर्बिणीतल्या रेघेवरून तारा सरकतानाची वेळ तो प्रमुखापेक्षा साधारण 0.8 सेकंद उशिरा नोंदवायचा. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं चांगल्या मुरलेल्या निरीक्षकांच्या वेळा एकमेकांशी ताडून पाहिल्या तर त्याही जुळेनात. म्हणजे त्या पोराचा कामचुकारपणा नव्हता हो, पाहणं आणि पाहिलं हे कळणं यालाच वेळ लागतो आणि तो माणसागणिक वेगळा असतो. नोकरी गेली त्याची तेव्हा गेलीच. 1850 च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या पायाच्या नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजलं, सेकंदाला जवळपास 27 मीटर, म्हणजे हायवेवरच्या कारएवढाच, आणि त्याचे स्वतःचे गुरू म्हणायचे की हे कधीच मोजता येणार नाही.

आता हे तुम्ही घरी करून पाहा. मी वर्गात दरवर्षी करतो, लॅब नाही, फक्त 30 सेंटीमीटरची लाकडी पट्टी. एकानं पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लटकवायची, दुसऱ्यानं खालच्या टोकाशी, शून्याच्या आकड्यावर, बोटं उघडी ठेवायची, न सांगता सोडली की पकडायची. पोरं बहुतेक 15 ते 20 सेंटीमीटरच्या मधात कुठंतरी पकडतात. 20 सेंटीमीटर पडायला पट्टीला 0.2 सेकंद लागतो, हे फिजिक्सच्या सूत्रानं निघते, म्हणजे तेवढा त्या पोराचा प्रतिसादाचा वेळ. मग दोन पट्ट्या घ्यायच्या, दोन्ही हातांसाठी, कोणती सुटणार ते सांगायचं नाही. आता पट्टी बरीच जास्त घसरते, आणि काहींच्या हातातून सुटून खाली फरशीवर पडते, वर्गात हसाहशी होते. पण तो जो जास्तीचा वेळ गेला ना दादा, तो ‘डावा का उजवा’ हे ठरवण्याचा वेळ आहे. निर्णय दिसला नाही, पण त्याला लागलेला वेळ सेंटीमीटरमध्ये समोर आला. हॉलंडच्या डाँडर्स या शास्त्रज्ञानं 1868 मध्ये हीच वजाबाकी मांडली, निवड करून दिलेल्या प्रतिसादाच्या वेळेतून साध्या प्रतिसादाची वेळ वजा करायची. मन काट्यावर चढत नाही हे कबूल, पण त्याच्या कामाचा माग असा काढता येते.

वजनातला फरक माणसाला कधी कळतो हे तपासणाऱ्या वेबर या जर्मन शास्त्रज्ञाचंही तसंच. हातात दोन किलोचं कापसाचं गाठोडं असेल तर 10 ग्रॅम वाढवलेलं कळत नाही, साधारण चाळिसावा हिस्सा म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास वाढवावे लागतात, आणि गाठोडं 20 किलोचं असेल तर अर्धा किलो. फेख्नर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञानं यावरूनच 1860 मध्ये बाहेरचं वजन आणि आतली जाणीव यांचं गणित मांडलं. मग 1879 मध्ये वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञानं लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिथून मानसशास्त्र हे वेगळं शास्त्र धरतात. फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक त्यानंतर वीस वर्षांनी आलं, त्यामुळं फ्रॉइड पटत नाही म्हणून सगळं मानसशास्त्र खोटं हा हिशोब बसत नाही.

आणि फक्त जर्मन लोकांचं म्हणता तर कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी 1916 मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला, म्हैसूरला 1924 मध्ये झाला. दुसरं म्हणजे, प्रयोगशाळेत गाव मावत नाही हे स्वतः वुंटलाच माहीत होतं. भाषा, दंतकथा, रूढी यांचा अभ्यास स्टॉपवॉच घेऊन होत नाही असं त्याचं मत होतं आणि त्यासाठी त्यानं आयुष्याची शेवटची वीस वर्षं घालवून दहा खंड लिहिले. हे आपल्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात, मला त्याचं वाईट वाटते.

पारावरच्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर आहे, खरंच आहे. त्याला पुष्कळ समजते. पण त्याचं कधी चुकलं ते कोणी लिहून ठेवत नाही, बरोबर आलेलं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहते. ‘काल तर पानठेल्यावर आपल्यासोबत हसत होता’ हे वाक्य आपल्या भागात जीव दिलेल्या माणसाच्या मयतीत किती वेळा ऐकलं तुम्ही? चेहऱ्यावरून समजत असतं तर हे वाक्य ऐकावं लागलं नसतं. शास्त्र म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की अंदाज आधी लिहून ठेवायचा, मग तपासायचा, आणि चुकला तर सोडायचा, तो वुंटचा असला तरी. 1913 मध्ये वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वुंटच्या वाटेनं चाललेल्यांची आत डोकावून पाहण्याची पद्धतच नाकारली, पुढं वॉटसनचंही सगळं टिकलं नाही.

नियंत्रणाबद्दल तुम्ही घाबरता ते बरोबर आहे. तोच वॉटसन विद्यापीठातून बाहेर पडल्यावर जाहिरात कंपनीत गेला, लोकांना काय विकत घ्यायला लावता येते हेच त्याचं काम झालं, आणि आज मोबाईल आपल्या पोरांच्या हातातून सुटत नाही त्यात हेच ज्ञान वापरलेलं आहे. म्हणून तर प्रत्येकाला थोडं मानसशास्त्र यायला पाहिजे असं मी म्हणतो, फक्त कंपन्यांना येऊन चालणार नाही. वर्णन, कारण, अंदाज आणि बदल ही चार उद्दिष्टं पुस्तकात कोरडी वाटतात, आपल्याकडं ती कशी दिसतात ते सांगतो. बाई दवाखान्यात येते, म्हणते डोकं दुखते, झोप नाही, कामात जीव लागत नाही, विचार लय येतात. ‘मी उदास आहे’ असं कोणी म्हणत नाही. तिला नऊ प्रश्नांची प्रश्नावली विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. हे झालं वर्णन. 10 किंवा त्याच्या वर गेले तर नीट तपासणी करायची, कारण पुढं त्रास वाढू शकते, हा अंदाज. कर्ज, दारू, आजारपण, घरातली मारहाण यातलं काय लागू आहे ते शोधणं म्हणजे कारण. आणि तिच्याच मर्जीनं तिला त्यातून बाहेर यायला मदत करणं हा बदल, तिच्या मर्जीशिवाय नाही.

हे हवेतलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच लोकांना ट्रेनिंग देऊन घरोघरी बोलायला पाठवलं, आणि दीड वर्षात डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं ठेवली नव्हती त्यामुळं सगळं श्रेय त्या कामालाच देता येत नाही, पण आधी शंभरातले चार-पाच जण मदत घेत होते आणि बाकीचे तसेच सोसत होते हे आपल्याच वऱ्हाडातलं चित्र आहे, ते मोजल्याशिवाय दिसलंच नसतं.

बोंडअळीचं म्हणाल तर मानसशास्त्र कर्ज फेडत नाही आणि कापसाला भावही देत नाही. उलट भावाचा प्रश्न कोणी ‘शेतकऱ्याचं मन कमजोर आहे’ म्हणून झटकत असेल तर मी तुमच्या बाजूनं भांडीन. पण भावाची लढाई लांब चालते आणि तोवर तो माणूस जिवंत राहायला पाहिजे, त्याची बायको राहायला पाहिजे. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. माझं बाकी काही पटलं नसेल तरी हा नंबर तुमच्या गावच्या ग्रुपवर तेवढा टाका.