चला, पुन्हा विजयनगरला!

अंदमानला पहिल्यांदा जाणं सोपं असतं. काहीच माहीत नसतं, त्यामुळे ट्रॅव्हलवाला जे देईल ते गोड मानून घेता येतं. पुन्हा जायचं म्हटलं की नवरा-बायको दोघंही तज्ज्ञ झालेले असतात, आणि एका घरात दोन तज्ज्ञ म्हणजे काय, हे इंदूरच्या मराठी घरांना सांगायला नको. इथे पोह्यांवर सेव आधी की जिरावन मसाला आधी, यावरून रविवारची सकाळ जाऊ शकते.

आम्हाला पुन्हा हॅवलॉकलाच जायचंय, इथवर दोघांचं एकमत आहे. सरकारदरबारी ते २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून पाहावी लागतात. विमानतळाचा कोड मात्र आयएक्सझेडच राहिलाय, तो टाकावा आणि मोकळं व्हावं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना पन्नासच्या दशकात या बेटावर वसवलं. म्हणून तिथली वस्ती गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, विजयनगर. वाचून वाटतं, इंदूरच्या राजवाड्यावरून ऑटो मिळेल. विजयनगर चौकाच्या सिग्नलला कंटाळून इंदूरकर माणूस समुद्र ओलांडतो आणि उतरतो कुठे, तर विजयनगरला.

आता यांचा हट्ट असा की खोली तिथलीच हवी, समुद्राला लागून. फोटोत सुंदरच दिसते. पण विजयनगर आणि गोविंदनगर ही बेटाची पूर्वेची बाजू. ओहोटी लागली की पाणी लांब जातं आणि मागे उरतात खडक, प्रवाळाचे तुकडे आणि वाळूतल्या बारीक माश्या. त्या चावताना कळत नाही. खाज सुटते दुसऱ्या दिवशी आणि मग आठवडाभर सोबत करते. उपाय एकच, पायांना खोबरेल तेल जाडसर चोपडायचं, म्हणजे माशीला कातडीपर्यंत पोचता येत नाही. पोहायला खरं राधानगर. ते पश्चिमेला आहे, तळाशी निव्वळ वाळू, ओहोटीतही पोहता येतं. म्हणजे पैसे समुद्रासमोरच्या खोलीचे मोजायचे आणि अंघोळीच्या समुद्राला रोज गाडी करून जायचं. हा हिशेब मी मांडला की हे म्हणतात, "पण सूर्योदय?" सूर्योदयाला कधी न उठणाऱ्या माणसानं हे म्हणावं!

उठावं तर तिथे खरंच लागतं. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. राधानगरचा सूर्यास्त हवा तर चारला वाळूत बसलेलं असावं. नऊ-साडेनऊला स्वयंपाकघरं आवरायला लागतात. इंदूरला त्या वेळी सराफ्यात सोन्याची दुकानं बंद होऊन तवे चढत असतात. इंदूरकराच्या पोटाला हे समजावायला दोन दिवस लागतात आणि तेवढे दोन दिवस सेवेवर काढावे लागतात.

म्हणून सेव. चेक-इन पंधरा किलो, हातातली बॅग सात किलो, त्यात रतलामी किती, लवंग किती, हा आमच्याकडे कपड्यांच्या आधीचा विषय. अर्धा किलोचं एक पाकीट कधीही नेऊ नये. एकदा फोडलं की समुद्राच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत सगळी सेव सादळते. शंभर-शंभर ग्रॅमची पाच पाकिटं न्यावीत, एका बैठकीत एक संपवावं. जिरावन पुडीत नको, आट्यांच्या झाकणाच्या डबीत हवं. नाहीतर सगळे टॉवेल हिंगाच्या वासाचे होतात. सासूबाई चटणीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरायला बघतात. त्या बॅगेतून काढून ठेवाव्या लागतात, कारण खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इनच्या सामानात ते चालत नाही. नारळांच्या बेटावर खोबरं न्यायचं कशाला, हे वाक्य सुनेनं बोलू नये, मुलाला बोलू द्यावं. पॉवर बँकेचं उलट: ती हातातल्या बॅगेतच हवी.

इंदूरहून थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूला बदलावं लागतं. दोन वेगळी तिकिटं काढून दोन हजार वाचवण्याचा मोह यांना दरवेळी होतो. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर पुढची सोय कंपनीनं करायची असते. वेगळी तिकिटं असतील तर सोय आपली, पैसेही आपलेच, शिवाय सामान घेऊन बाहेर या आणि पुन्हा रांगेत लागा. पोर्ट ब्लेअरला जाणारी बहुतेक विमानं सकाळची, म्हणून चेन्नईत एक रात्र पडतेच. ती मान्य केली की अर्धं भांडण मिटतं.

उरलेलं अर्धं पाण्याखालचं. स्नॉर्केलिंगचा मास्क गळतो तो बहुधा मिशीमुळे. सिलिकॉनची कड कातडीला चिकटायला हवी आणि मधे केस आले की फटीतून पाणी आत. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं श्वास आत ओढायचा. हात सोडूनही टिकला तर मापाचा. मिशीवाल्यांनी नाकाखालची रेघभर जागा तासावी किंवा व्हॅसलीन थापावं. हे व्हॅसलीन थापतात. मिशी तासली तर राजेंद्रनगरात चार जण विचारतील, ही भीती. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळून खळखळून घ्यायची. किळस येत असेल त्यांनी बाळाच्या शांपूचा थेंब वापरावा. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आधीच सांगून ठेवावा, नाहीतर मासे सगळे एकाच रंगाचे दिसतात.

स्कूबाचा नियम याहून कडक. सर्दी असेल तर उतरायचं नाही. खाली जाताना नाक दाबून कानातला दाब सारखा करावा लागतो. नाकातून कानाकडे जाणारी नळी चोंदलेली असेल तर तो होत नाही आणि कान ठणकतो. इंदूरच्या थंडीतून निघालेल्या माणसाला सर्दी असतेच, म्हणून स्कूबा पहिल्या दिवशी ठेवू नये. शेवटीही ठेवू नये. दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो. लगेच विमानात बसलं, तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होतात. एका डुबकीनंतर किमान बारा तास, अनेक डुबक्यांनंतर अठरा, आणि शहाणे लोक सरसकट चोवीस धरतात. त्यातून हवा बिघडली की बोटी रद्द होतात, म्हणून विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच. त्या संध्याकाळी सेल्युलर जेल. तेही सोमवारी बंद. मराठी माणूस सावरकरांची कोठडी न पाहता परतला, तर टिळक पंचांगवाले काका त्याच्या घरी चहासुद्धा घेणार नाहीत.

बोटीचं थोडक्यात: खाजगी बोट चहूबाजूंनी बंद, वातानुकूलित, दीड ते अडीच तास. सरकारी बोट हळू आणि स्वस्त, पण डेकवर वारा मिळतो. उलटीची गोळी सुटायच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. पोटात ढवळल्यावर घेतलेली गोळी फक्त समुद्राला मिळते.

यंदा मला खारफुटीतली रात्रीची नाव हवी आहे. वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं. एकपेशीय जीव असतात, धक्का लागला की उजळतात. ते नीट दिसायला चंद्र नको, म्हणजे अमावास्येच्या आगेमागे जायला हवं. "अमावास्येला, रात्री, होडीत?" सासूबाईंनी एवढंच विचारलं. निघायच्या मुहूर्ताचा तोडगा त्यांनीच काढला: चांगल्या दिवशी एक पिशवी शेजाऱ्यांकडे प्रस्थान म्हणून ठेवायची. त्यात सेव ठेवू नये असं माझं मत पडलं, शेजारी इंदूरचेच आहेत.

मग शनिवारी निघणं, रविवारी परतणं, सर्दी जाणं, डुबकीनंतरचे चोवीस तास, सोमवार सोडून जेल, या सगळ्या चौकटीत बसणारी एकच अमावास्या निघाली. ती सोमवती. त्या दिवशी सुनेनं पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या असतात. यांनी रिसॉर्टला लिहून विचारलं, आवारात पिंपळ आहे का. लगेच उत्तर आलं: "नारळ आहेत सर, समुद्राकडच्या बाजूला. खोली तीच धरायची ना?"