टेबलावर पृथ्वीगोल ठेवा

तृतीयपंथी माणूस कागद घेऊन तुमच्या खिडकीवर आला, तर घाबरू नका. काम करायचं नाही आणि अडाणीही दिसायचं नाही, यावर एकच उतारा: परदेश. मागच्या सोमवारी तृतीयपंथी भाचीचं कागदांवरचं नाव बदलून घ्यायला तिच्याबरोबर बेळगावातल्या एका ऑफिसात गेलो होतो, तिथल्या साहेबांकडून ही विद्या फुकट मिळाली.

बोहनी इराणची करावी. "एवढा कडक देश, पण सरकार ऑपरेशनला पैसे देतंय की!" देतं, खोटं नाही. खोमेनींच्या फतव्यापासून वाट मोकळी आहे. दोन पुरुषांच्या संबंधाला तिथं फाशी होऊ शकते, तेवढं चहाबरोबर गिळा.

"अमेरिकेत सगळं बंद केलंय" हे कुठंही खपतं.

स्वीडनचं नाव आदरानं घ्या, कागदावरचं लिंग बदलू देणारा 1972 चा कायदा म्हणजे जगात पहिला मान. आधी नसबंदी, मगच कागद, ही अट 2013 पर्यंत होती, ते राहू दे. जपाननं तसलीच अट कोर्टात 2023 ला मोडली, तेही राहू दे.

अर्जेंटिना मात्र चुकूनही काढू नका. 2012 पासून तिथं ना डॉक्टरचा दाखला, ना न्यायाधीशाचा. माणूस सांगेल ते लिहितात आणि हार्मोन, शस्त्रक्रिया विम्यात बसवतात. ऐकणारा लगेच विचारील, मग इथं का नाही?

एवढ्यानंही समोरचा हलला नाही तर ब्रह्मास्त्र सोडा: "ऑपरेशनचा कागद आणा."

भाचीकडं डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, सहीचं तृतीयपंथी ओळखपत्र होतं. स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या नालसा निकालात मान्य केला. तृतीयपंथी कायद्याच्या 2020 च्या नियमांनी त्या ओळखपत्राला वैद्यकीय तपासणीची अट ठेवली नाही, उलट ते दाखवल्यावर बाकी कागदांवरचं नाव 15 दिवसांत बदलून द्या म्हटलं. आम्हाला चार महिने झाले. खानापूरहून सात खेपा. पहिला अर्ज मराठीत होता, पुढचं बेळगावकरांना सांगायला नको. दुसरा कन्नडमध्ये नेला, तेव्हा साहेबांनी तिचं जुनं नाव रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, दोनदा, आणि मग इराण काढला. तृतीयपंथीयांच्या उपचारांसाठी केंद्रानं 2022 मध्ये आयुष्मान भारतात वर्षाला 5 लाखांची सोय जाहीर केली. ती घ्यायला कार्डावरचं नाव आणि समोरचं माणूस जुळायला नको? दवाखान्यात केसपेपरवरचं जुनं नाव पुकारतात, म्हणून पोरीनं तपासणीला जायचंच सोडलंय.

आणि साहेब, तुमच्या कपाळाला भंडारा होता. सौंदत्तीच्या यल्लम्माचा असणार. रांडव पुनवेला डोंगर चढता, देवीला वाहिलेला तृतीयपंथी जोगप्पा दिसला की वाकता, परडीत पीठ-मीठ घालता, 'उदो' म्हणता. त्यांच्यातल्याच लोककलावंत मंजम्मा जोगतींना 2021 ला पद्मश्री मिळाली तेव्हा स्टेटसही ठेवलं असेल. डोंगरावर पाया पडायचं आणि खिडकीवर कपड्यांच्या आत काय आहे ते विचारायचं? लाज वाटत नाही? तिच्या आईनं आजवर हा प्रश्न विचारला नाही, तुम्ही कोण?

इंग्लंडात दोन वर्षं थांबावं लागतं म्हणालात. लागत असेल. आम्ही इंग्लंडात राहत नाही, खानापुरात राहतो, सकाळची सातची बस धरून येतो. येत्या सोमवारी परत रांगेत आहोत. तोंड मिटा आणि शिक्का मारा.