२० तारखेला सर्व्हर बंद होता, हे खरं आहे

मालक, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की २० तारखेला, म्हणजे जीएसटीचं ३बी हे मासिक रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळपासून चौघांपैकी कुणालाच लॉगिन होईना, आमचा फोन लागेना, आणि एरवीही दुपारनंतर आमच्या सर्व्हरवरचं तुमचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर रडतखडत चालतं.

सर्व्हर बंद पडला तो आमच्याच चुकीनं. विंडोज सर्व्हरवर मुळात दोनच लॉगिन मिळतात, तीही देखभालीसाठी. तुमच्या माणसांना रोज काम करायचं तर रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करायच्या सोयीचे, वेगळे परवाने लागतात. ते चढवले नाहीत तरी १२० दिवस सगळं सुरळीत चालतं, म्हणूनच विसरायला होतं. तुमचे परवाने घेतलेले होते, बिलातही लावले होते. नव्या सर्व्हरवर चढवायचे राहिले आणि १९च्या रात्री मुदत संपली. कागद शोधून ते चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. त्या सर्व्हरवरचे सगळेच ग्राहक एका नंबरवर फोन करत होते. आता दुसरा नंबर सुरू केलाय, तो तुमच्या ऑफिसात कळवलाय.

डेटाची काळजी करू नका. सर्व्हर कुणाला आत घेत नव्हता, पण तुमची एकही नोंद हललेली नाही. रिटर्न २१ला गेलं, त्याची ५० रुपये लेट फी आणि वार्षिक १८ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज आमच्या पुढच्या बिलातून वजा करतोय.

दुपारनंतर का अडतं ते बघायला मी परवा तुमच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात आलो होतो. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या अकाउंटंट ताईंनी वरच्या फुलीवर क्लिक केलं आणि डबा घेऊन उठल्या. खिडकी गेली, पण सर्व्हरवर त्यांचं सॉफ्टवेअर उघडंच, मेमरी अडवून बसलेलं. असं सगळीकडेच होतं. दोष ताईंचा नाही, ‘लॉग ऑफ’ करा असं आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. आता फुली मारून सोडलेलं लॉगिन दोन तासांनी आपोआप बंद होईल. मात्र अर्धवट व्हाउचर त्यात जाईल, तेवढं उठण्याआधी सेव्ह करायला सांगा. मेमरीही वाढवली आहे.

येत्या १९ला संध्याकाळी चौघांचंही लॉगिन मी स्वतः तपासून तुम्हाला फोन करतो.