खोदाई, भिंत आणि उजेड: शेजाऱ्यांच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंय की आमच्या खोदाईने तुमची कंपाउंडची भिंत तडकली, इमारत वर गेली की स्वयंपाकघरात आणि बागेत अंधार होणार, आणि विचारायला आलात तेव्हा साइटवरच्या माणसाने "नकाशा मंजूर आहे, काय करायचं ते करा" असं सुनावलं.

शेवटचं आधी. माणूस आमचा, चूकही आमचीच. नकाशा मंजूर झाला म्हणून शेजाऱ्याचे हक्क संपत नाहीत. माफी मागायला घरी येतोच आहे.

भिंत काल पाहिली. तिसऱ्या खांबाजवळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली भेग, वरच्या टोकाला घराची किल्ली आत जाते एवढी. तिथे खड्डा टप्प्याटप्प्याने खणायला हवा होता. जेसीबीने तो एका दमात उतरवला आणि शोअरिंग, म्हणजे खड्ड्याच्या बाजू धरून ठेवणारा आधार, लागलं दुसऱ्या दिवशी. शेजारच्या जमिनीचा आधार काढून घ्यायचा नाही, हे १८८२ च्या सुविधाधिकार (इझमेंट) कायद्यातच आहे. आमचे वकील म्हणतात, तो नैसर्गिक हक्क मोकळ्या जमिनीचा. वर बांधलेल्या भिंतीला तसा हक्क २० वर्षांनी लागतो, आणि तुमची भिंत सहा वर्षांची. असेल. निष्काळजीपणा आमचा होता, भिंत आम्हीच बांधून देणार. तोवर भेगेवर काचेची पट्टी चिकटवून पेन्सिलीने तारीख घातली आहे. ती तडकली तर भिंत अजून सरकतेय असं समजा आणि मध्यरात्र असली तरी फोन करा.

उजेडाचं मात्र सगळं मान्य नाही. स्वयंपाकघराची खिडकी २० वर्षांहून जुनी आहे, तिथला उजेड कधी अडलेला नाही, म्हणून त्या उजेडावर तुमचा हक्क आहे. पण तेवढ्यावर बांधकाम थांबत नाही: कोर्टात "थोडं अंधारलं" एवढ्याने भागत नाही, घरात वावरणं खरंच अवघड व्हावं लागतं. तरी सावलीचा नकाशा तुम्हाला दाखवल्याशिवाय त्या बाजूचा स्लॅब टाकणार नाही. बागेचं वेगळं. मोकळ्या जागेवरच्या उजेडाचा असा हक्क कितीही वर्षं गेली तरी मिळत नाही, आणि गच्चीतून दिसणाऱ्या देखाव्याचाही नाही. मोगऱ्याला दुपारनंतर ऊन कमी मिळेल. उगाच आश्वासन देत नाही.

तुमच्या घरातल्या भिंतींचे फोटो खोदाईआधीच काढायला हवे होते, ते राहिलं. गुरुवारी इंजिनिअर येऊन काढेल; तारखेसकट एक संच तुमच्याकडे ठेवा. रिव्ह्यू भिंत उभी राहीपर्यंत आहे तसाच राहू द्या.